ठाण्याची थंडी, तुमचे बजी, लॅब आणि बोका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला कारण त्यात एकदम चार पेशंट आहेत. घोडबंदर रोडला १८व्या मजल्यावर घर, बाल्कनीत दोन बजी म्हणजे छोटे पोपट, हॉलमध्ये ९ वर्षांचा लॅब म्हणजे लॅब्राडोर कुत्रा, सोफ्यावर बोका आणि टीव्हीखाली फिशटँक. परवापासून पहाटे गारठा वाढला, बजी गोळ्यासारखे फुगून बसायला लागले म्हणून तुम्ही पिंजरा आत घेतला, खिडक्या बंद केल्या, शेजारी रूम हीटर लावला, लॅबला स्वेटर घातला, आणि सासूबाई संध्याकाळी नातवाला देतात तशी ओवा-वावडिंगाची धुरी पिंजऱ्याजवळही फिरवतात. आता हे सगळं बरोबर चाललंय ना, आणि अजून काय करू, असं विचारलंत.

मी गेली २४ वर्षं ठाण्यात प्राण्यांची प्रॅक्टिस करतेय, त्यातली बरीचशी पिंजऱ्यातले पक्षी बघण्यात गेली, त्यामुळे थोडं मोठं उत्तर देते, चहा घेऊन बसा. आणि वाचायच्या आधी दोन गोष्टी करा, हीटर बंद करा आणि एक खिडकी चार बोटं उघडा. धुरी आजपासून पक्ष्यांजवळ नको. का ते सांगते.

आपल्याकडची थंडी म्हणजे काय, तर पहाटे १६-१७ डिग्री, येऊरच्या पायथ्याला किंवा तुमच्यासारख्या डोंगराच्या बाजूच्या इमारतींत अजून एखाद-दोन डिग्री कमी, आणि दुपारी १२ वाजता परत ३०-३१. आपण लगेच गुलाबी थंडी म्हणून फोटो टाकतो, कानटोप्या काढतो, छान वाटतं खरं. पण तुमचे बजी मूळचे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातले, जिथे दिवसा भाजून निघतं आणि हिवाळ्यातल्या रात्री आपल्या पहाटेपेक्षा कितीतरी गार असतात. जॉन गूल्ड नावाच्या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने १८४० मध्ये ते जिवंत इंग्लंडला नेले, तिथल्या थंडीत ते जगले, वाढले, पिल्लं दिली आणि पुढे जगभर पसरले. आपल्याकडे दुकानात अजूनही त्यांना लव्हबर्ड म्हणून विकतात, लव्हबर्ड वेगळा, आफ्रिकेतला, हा बजी, बजरीगर. तर १६ डिग्रीने निरोगी बजी आजारी पडत नाही. इतक्या वर्षांत डिसेंबर-जानेवारीत माझ्याकडे जे पक्षी गंभीर होऊन आले ना, त्यातले बहुतेक थंडीने नव्हते आले, थंडी घालवायला घरच्यांनी जे केलं त्याने आले होते. आणि सगळं प्रेमापोटीच केलेलं असतं, म्हणून जास्त वाईट वाटतं.

पहाटे फुगून बसणं म्हणजे त्यांनी गोधडी पांघरलीय असं समजा. पिसं फुलवली की मधे हवा अडकते आणि ती अंगाची ऊब धरून ठेवते. त्यांच्या अंगाचं तापमान ४१ डिग्रीच्या आसपास असतं, ते टिकवायचा हा त्यांचा साधा उपाय. एक पाय पोटात घेतलाय, मान मागे वळवून चोच पाठीच्या पिसांत खुपसलीय, आणि ऊन आलं की अंग झाडून कलकलाट सुरू, असं असेल तर मस्त, काही करू नका. तुम्ही लिहिलंय की ९ वाजता दोघं आरशाशी भांडत असतात, म्हणजे तब्येत उत्तम आहे.

काळजी कधी करायची तर दुपारी १२ वाजताही फुगलेला आहे, दोन्ही पायांवर बसलाय, डोळे मिटतायत, श्वासाबरोबर शेपटी वरखाली होतेय, किंवा दांडीवरून उतरून पिंजऱ्याच्या तळाशी बसलाय. यातलं एकही दिसलं तर उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. पक्षी आजार लपवतात, थव्यात अशक्त दिसणारा पहिला शिकार होतो ना, म्हणून अगदी शेवटपर्यंत तो धडधाकट असल्यासारखाच वागतो. म्हणून डोळ्यांवर भरवसा न ठेवता किचनमधला छोटा डिजिटल काटा घ्या, त्यावर वाटी ठेवून आठवड्यातून एकदा सकाळी दाणे खायच्या आधी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. साधारण ३० ते ४० ग्रॅम असतं बजीचं, पण आकड्यापेक्षा तो किती बदलतोय ते महत्त्वाचं. ३५ चा ३१ झाला तर दिसायला कितीही बरा असला तरी तो आजारी आहे.

आता धूर. आपल्या छातीत हवा आत जाते आणि त्याच वाटेने परत येते. पक्ष्याच्या अंगात फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात, साधारण ९, आणि त्यांच्यामुळे फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत राहते, श्वास घेताना पण आणि सोडताना पण ताजी हवा मिळते. उडायला खूप प्राणवायू लागतो म्हणून ही सोय. पण त्यामुळेच हवेत जे काही वाईट आहे तेही त्याच्या अंगात आपल्यापेक्षा पटकन आणि जास्त शिरतं, आणि जीव केवढा, ३५ ग्रॅम. मग धुरी, अगरबत्ती, धूप, मच्छर कॉइल, रूम फ्रेशनर, कापूर जाळणं, यातलं काहीही बंद खोलीत त्याच्याजवळ नको. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की काळजी अगदी बरोबर आहे, नातवासारखंच बघतात त्या पाखरांना, फक्त यांची छाती वेगळी आहे. देवापाशी उदबत्ती लावायची असेल तर पिंजरा दुसऱ्या खोलीत आणि खिडकी उघडी, एवढं केलं तरी पुरे.

त्याहून मोठा धोका नॉनस्टिकचा. तवा किंवा कढई रिकामी गॅसवर राहिली, खूप तापली की त्या कोटिंगमधून जी वाफ येते तिला आपल्याला वासही येत नाही धड, पण पक्षी काही मिनिटांत जातो. एका घरात असंच झालं होतं, थंडी म्हणून दोन कॉकटील पोपट किचनमध्ये आणून ठेवले होते, तवा गॅसवर आणि ताई फोनवर, दहा-बारा मिनिटांत दोन्ही खाली पडलेले. माझ्याकडे पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. त्या ताईंना मी आजही विसरले नाहीये. काही रूम हीटर आणि इस्त्र्यांमध्येही असंच कोटिंग असतं, नवीन हीटर तर पहिल्यांदा लावला की जळका वास येतोच, तो वास पक्ष्यांच्या खोलीत अजिबात नको. म्हणून म्हटलं हीटर बंद करा. आणि कोणी सांगेल की बाथरूममध्ये गॅस गीझरची छान ऊब असते तिथे ठेवा पिंजरा, तर तेही नाही, बंद बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साचतो, माणसं गेलीयत त्याने.

मग करायचं काय? फार सोपं आहे. रात्री पिंजरा बाल्कनीतून आत, भिंतीला लागून, जमिनीवर नको, साधारण छातीच्या उंचीला. तीन बाजूंनी जुनी सुती साडी किंवा चादर, पुढची बाजू मोकळी. वाऱ्याचा थेट झोत नको पण हवा खेळती हवी. सकाळी ८ नंतर पिंजरा उन्हात, अर्धा भाग सावलीत असू दे म्हणजे त्याला हवं तिथे सरकता येईल. हे ऊन काचेतून आलेलं चालत नाही बरं का, काचेत ते उपयोगाचे किरण अडतात आणि ड जीवनसत्त्व तयार होत नाही, नुसती ऊब मिळते. पहाटे ५-६ ला मात्र बाल्कनी नको, हिवाळ्यात गार हवा खाली बसते आणि दिवसभराची धूळ, बांधकामाची माती, गाड्यांचा धूर सगळं तिच्यात अडकून राहतं, घोडबंदरला तर तुम्हाला समोरचे टॉवरच दिसत नसतील सकाळी. ऊन चढलं की ते जरा मोकळं होतं.

अंघोळ बंद करू नका. दुपारी १२-१ ला उथळ बशीत साधं पाणी ठेवा, त्याला हवी असेल तर तो स्वतः करेल, ओली कोथिंबीर किंवा मेथीची जुडी टांगली तर तीत लोळतात इतके गोड दिसतात. खायला राळं हे मुख्य, थोडी बाजरी चालते. सूर्यफुलाच्या बिया थंडीत उष्ण म्हणून वाटी भरून देतात लोक, त्यात चरबी खूप, आठवड्याला चार-पाच दाणे बक्षीस म्हणून ठीक. अ‍ॅव्होकाडो कधीच नाही, ते विष आहे त्यांना.

अजून एक, तुमची जोडी नर-मादी असेल आणि कोणी सांगितलं की थंडीत मडकं लावा, अंडी देतील, तर थांबा. कॅल्शियम कमी पडलेल्या मादीचं अंडं अडकतं, गारठ्यात ते जास्त होतं, मादी तळाशी फुगून बसते, जोर लावत राहते आणि काही तासांत जाऊ शकते. आधी समुद्रफेन पिंजऱ्याला अडकवा, आयुर्वेदिक सामानाच्या दुकानात सुटा मिळतो, पेट शॉपमध्येही मिळतो, दोन-तीन महिने ती तो कुरतडू दे, भाज्या खाऊ दे, मग मडक्याचा विचार. माझं स्पष्ट मत विचाराल तर लावूच नका, पिल्लं कोणाला द्यायची हा प्रश्न पुढे येतोच.

आणि खरंच आजारी पक्ष्याला ऊब लागतेच, तेव्हा सुती कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी पिंजऱ्याच्या बाहेरून एका बाजूला टेकवायची, एकाच बाजूला, म्हणजे जास्त झालं तर त्याला पळायला जागा राहते. पूर्वी आम्ही ४० वॅटचा पिवळा बल्ब सांगायचो, हल्ली एलईडी असतो घरात, त्याला ऊब नसते, तो लावून उपयोग नाही.

आता लॅबकडे वळू. स्वेटर काढा त्याचा. लॅबला दोन थरांची फर असते, आतला मऊ थर ऊब धरतो आणि वरचा पाणी अडवतो, ही जात कॅनडाच्या न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यात कोळ्यांबरोबर काम करणाऱ्या कुत्र्यांपासून आली. ठाण्यात सकाळी ११ ला स्वेटर घालून तो धापा टाकत असेल तर त्याला उकडतंय. स्वेटर कोणाला, तर डॅशहाउंड, डॉबरमन, अगदी लहान पिल्लं, खूप म्हातारी किंवा बारीक कुत्री, आणि त्यांनाही ऊन आलं की काढायचा. फोटो काढून झाला असेल तर कपाटात ठेवा.

पण ९ वर्षांच्या लॅबला थंडीचा त्रास होतो हे खरंय, तो सांध्यांत होतो. सकाळी उठताना मागचे पाय ओढतो, पहिली पाच पावलं लंगडतो मग नीट चालतो, सोफ्यावर उडी मारायच्या आधी विचार करतो, असं आहे का बघा. आपल्या गुळगुळीत टाईल्स पहाटे बर्फ होतात आणि वर पाय घसरतात. खाली गोणपाट दुमडून, वर जाड गोधडी, आणि तो जिथून जिथे चालतो तिथे रबरी मॅट. फिरायला ५:३० ऐवजी ७:३० नंतर न्या, पहिली पाच मिनिटं अगदी हळू. आणि वजन, ताई, वजन. थंडीत भूक वाढते, आपलंही ताट गच्च असतं, तो बाजूला बसून बघत असतो आणि प्रत्येक जण एक-एक घास देतो. लॅबच्या सांध्यांना महागडी पावडर देण्यापेक्षा ३ किलो कमी केलेले जास्त उपयोगी पडतात, मी रोज बघते हे. माणसाची दुखण्याची गोळी देऊ नका, अर्धीसुद्धा नाही, पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडावर जातं.

डिंकाच्या लाडवाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण घरात असणारच. मनुका-बेदाणे घातलेला लाडू कुत्र्याला द्यायचा नाही, मनुकांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्याने होईल ते कुत्र्यागणिक वेगळं असतं त्यामुळे एक-दोननी काय होतंय असं म्हणायची सोय नाही. जायफळही वाईट. साधा तिळगूळ, एखादा तुकडा चुकून खाल्ला तर घाबरू नका, विषारी नाही, पण मुद्दाम देऊ नका. आणि जानेवारीत पनवेल-अलिबागकडे पोपटीच्या जेवणाला जाता ना सगळे, मडक्यात शिजलेल्या कोंबडीची हाडं कुत्र्याला टाकू नका, शिजलं की हाड ठिसूळ होतं आणि त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात, आतड्याला भोक पडलेलं मी ऑपरेशन टेबलवर पाहिलंय.

डिसेंबरच्या सुट्टीत त्याला बोर्डिंगला ठेवणार असाल तर केनेल कफची लस आधी द्या, आधी म्हणजे आदल्या दिवशी नाही, निदान दोन आठवडे. तो खोकला लागला की घशात काहीतरी अडकलंय असं वाटतं, लोक तोंडात हात घालून हाड शोधतात. अंघोळ तीन-चार आठवड्यांनी, दुपारी, आणि मुळापर्यंत कोरडा करून. गोचीड आपल्याकडे थंडीतही मरत नाही, औषध चालू ठेवा.

बोक्याचं मात्र नीट ऐका, कारण हे कोणी सांगत नाही. थंडीत मांजरं पाणी कमी पितात, बोक्याची लघवीची नळी अरुंद असते, लघवी घट्ट होऊन त्यात खडे किंवा गाळ अडकतो आणि लघवी बंद होते. लिटर ट्रेमध्ये परत परत जाऊन बसतोय, जोर लावतोय, ओरडतोय, आणि वाळू कोरडी. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय. असं दिसलं तर रात्री २ वाजले तरी निघायचं, एक-दोन दिवसांत जीव जातो यात. म्हणून आत्तापासून ओलं खाणं वाढवा, पाण्याच्या दोन-तीन वाट्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, कोमट पाणी घाला, चिकनचं बिनमिठाचं, बिनकांद्याचं पाणी चमचाभर मिसळा.

दुसरं, कपाटातल्या गोधड्या. त्यात डांबरगोळ्या असतात, वर्षभराचा वास असतो, आणि मांजर नेमकं त्यातच जाऊन झोपतं. या गोळ्या मांजराला, कुत्र्याला, पक्ष्यांना सगळ्यांना विषारी आहेत. गोधड्या दोन दिवस कडक उन्हात, मगच घरात. सर्दीचा बाम, निलगिरी तेल, डिफ्यूझर हेही मांजराजवळ नको, त्यांचं यकृत अशा गोष्टी फोडू शकत नाही. शिंकतोय म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडा तर कधीच नको, एका गोळीत मांजर मरतं. आणि सोसायटीतली बाहेरची मांजरं रात्री गाडीच्या गरम इंजिनात शिरून झोपतात, सकाळी गाडी सुरू करायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारायची सवय लावा, वॉचमनदादांनाही सांगून ठेवा.

फिशटँकला खरंच हीटर लागतो, आणि गंमत बघा, तुम्ही बजींना लावलात आणि माशांना नाही. गप्पी, टेट्रा, फायटर हे २४ ते २८ डिग्रीतले मासे, पहाटे टाकीचं पाणी २० वर आलं की सुस्तावतात, अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके येतात. लिटरला साधारण एक वॅट हा हिशोब, ५० लिटरच्या टाकीला ५० वॅट, आणि पाणी बदलताना आधी प्लग काढायचा. गोल्डफिश असेल तर त्याला गार पाणी आवडतं, त्याला नको.

बाहेरच्या पक्ष्यांसाठी काही करावं का, असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. आपली थंडी किती सौम्य आहे ते त्यांना बरोबर माहितीये, म्हणून तर ते इथे येतात. ऐरोलीला खाडीवर आत्ता कुरव म्हणजे सीगल दिसतील, त्यातले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडून येतात, आणि हिवाळ्यात त्यांचं डोकं पांढरंच असतं, फक्त कानापाशी एक काळा ठिपका, त्यामुळे नावावरून शोधायला गेलात तर सापडायचे नाहीत. फ्लेमिंगोही यायला लागतात, ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ती रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ झाली, नातवाला घेऊन ऐरोलीच्या केंद्रातून बोटीने नक्की जा, भरतीची वेळ विचारून जा. फक्त कुरवांना शेव-गाठ्या टाकू नका, मीठ आणि तेल त्यांच्यासाठी नाहीये, खाडीत त्यांना मासळी भरपूर आहे. बाल्कनीत स्वच्छ पाण्याची मातीची वाटी ठेवलीत तरी बुलबुल आणि सूर्यपक्षी येतील, ती रोज घासा.

संक्रांतीला एक रिकामा खोका घरात ठेवा, भोकं पाडलेला. नायलॉनच्या मांजावर २०१७ पासून बंदी आहे पण दरवर्षी कापलेले पक्षी येतातच. घार, कबूतर, बगळा, काही सापडलं तर अंगावर टॉवेल टाकून अलगद खोक्यात, झाकण बंद, अंधार. मांजा ओढून काढायचा नाही, कात्रीने दोन्ही बाजूंनी कापायचा, चोचीत पाणी ओतायचं नाही, आणि वन विभागाच्या १९२६ ला फोन.

हां, आणि तुम्ही लिहिलंय की पंखे बंद असल्यामुळे हल्ली बजींना संध्याकाळी हॉलमध्ये सोडता. फार चांगलं, हिवाळ्यात हे जरूर करा, उडणं हाच त्यांचा सगळ्यात मोठा व्यायाम आहे, बोक्याला मात्र आतल्या खोलीत कडी लावून ठेवायचं, तो कितीही गरीब असला तरी. पण फेब्रुवारीच्या शेवटी एक दिवस उकडेल, कोणीतरी बाहेरून येऊन सवयीने बटण दाबेल, आणि दोघं पंख्याच्या पात्यावर बसलेले असतील. दरवर्षी मला त्या आठवड्यात असे दोन-तीन फोन येतात. म्हणून आजच हॉलच्या पंख्याच्या बटणावर लाल चिकटपट्टी लावून टाका, आणि पिंजऱ्याचं दार बंद आहे हे बघितल्याशिवाय ती कोणी काढायची नाही असं घरात सगळ्यांना, नातवालासुद्धा सांगून ठेवा.